साठ की सात? इम्प्लांटनंतर आवाज येतो पण शब्द निसटतात

मीठबंदरची | ३ ऑगस्ट, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

मी ठाणे पूर्वेला राहते, वय ५३. तिशीनंतर दोन्ही कान हळूहळू जात गेले. आधी कानामागचं मशीन लावून बँकेत काउंटरवर बसायचे, मग काउंटर झेपेना म्हणून आत टेबलावर घेतलं, आणि शेवटची सहा वर्षं मशीन लावूनही समोरच्याचे ओठ वाचल्याशिवाय काही कळत नव्हतं. मागच्या नोव्हेंबरात उजव्या कानात कॉक्लियर इम्प्लांट झालं, म्हणजे ऑपरेशन करून कानाच्या आत तार बसवतात आणि बाहेर मशीन लावतात ते. डिसेंबरात स्विच ऑन, म्हणजे ते पहिल्यांदा चालू केलं.

पहिल्या दिवशी नवरा बोलला तर पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखं वाटलं, मुलीचा आवाज आणि दाराची बेल यात फरकच नाही. घरी येऊन खूप रडले. पण फेब्रुवारीत एक दिवस हॉलमध्ये बसून कुकरच्या शिट्ट्या मोजल्या, तीन, उठून गॅस बंद केला आणि तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. मार्चमध्ये पाठीमागून नवऱ्याने हाक मारली ती कळली. आणि "स" ऐकू येतो हो! वीस वर्षं मशीनमध्ये स आलाच नव्हता, मी "साखर"मधली नुसती "आखर" ऐकायचे आणि बाकी अंदाजाने भरायचे.

जूनमध्ये आवाजबंद बूथमध्ये ऐकण्याची टेस्ट झाली, ७६ टक्के आले, सगळे खूश. आणि त्याच आठवड्यात रक्त तपासायला एका लॅबमध्ये उपाशीपोटी गेले, टोकन ६०. गर्दी, टीव्ही चालू, मुलगी आतून नंबर पुकारत होती. मला "सात" ऐकू आलं. मनात म्हटलं सात कसा असेल, सात तर केव्हाच होऊन गेला असणार, कोणाचा तरी राहिला असेल, आणि बसून राहिले. माझ्यानंतरचे चार जण आत जाऊन आले तेव्हा विचारायला गेले. ती म्हणाली अहो आजी कितीदा ओरडले. शुगर आहे मला, हात थरथरत होते.

घरी पण तेच. एकट्या माणसाशी समोरासमोर बोलते तर जवळजवळ सगळं कळतं, पण रविवारी दीर-जाऊ जेवायला आले, पंखा चालू, चौघं एकदम बोलायला लागले की माझ्यापुरतं सगळं एकच गढूळ पाणी होतं. "काय झालं?" विचारलं की "काही नाही गं, असंच". ते "असंच" आठ महिने ऐकतेय आणि ते मात्र दर वेळी स्वच्छ ऐकू येतं.

माझा प्रश्न एवढाच, हे इतकंच असतं का? की माझ्याकडून काही करायचं राहिलंय? ज्यांना स्वतःला आहे किंवा घरात कोणाला आहे त्यांनी कृपया लिहा.

नेरूळ_पश्चिम | ३ ऑगस्ट, रात्री ११:३५

ताई, मला इम्प्लांट होऊन १९ वर्षं झाली. तुमचा धागा दोनदा वाचला. त्या लॅबमधल्या प्रसंगात तुमची चूक काहीच नाही, यंत्राची मर्यादा नेमकी जिथे आहे तिथेच तुम्हाला ठेच लागली. मी इंजिनिअर आहे, जमेल तसं सांगतो.

कानातल्या शंखात आतल्या बाजूच्या केसपेशी साधारण साडेतीन हजार असतात. शंखाच्या तोंडाशी बारीक, तार आवाज, आणि टोकाकडे खर्ज, असा पियानोसारखा क्रम. आपल्यात त्या पेशी कामातून गेलेल्या असतात म्हणून तार घालून थेट नसेला करंट देतात. पण तारेवर इलेक्ट्रोड किती, तर कंपनीप्रमाणे २२, १६ नाहीतर १२. साडेतीन हजारांचं काम बावीस जणांनी करायचं. त्यात आतमध्ये खारं पाणी असल्यामुळे करंट पसरतो, शेजारशेजारचे इलेक्ट्रोड एकमेकांच्या हद्दीत घुसतात, त्यामुळे २२ असले तरी बोलणं समजायला प्रत्यक्षात उपयोग होतो तो साधारण आठेक वेगळ्या पट्ट्यांचा.

आता तुम्ही म्हणाल आठ पट्ट्यांत बोलणं कळतंच कसं. १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चांगले कान असलेल्या लोकांना असं बोलणं ऐकवलं ज्यातले बारकावे काढून फक्त चार पट्ट्या ठेवल्या होत्या, आवाज नुसता फुसफुसता, तरी शांत खोलीत लोकांना वाक्यं जवळजवळ पूर्ण कळली. म्हणजे बोलणं ही फार दणकट गोष्ट आहे, शांततेत थोडक्यावर भागतं.

मी माझ्या मुलीला रांगोळीवरून समजावलं होतं. ठिपके कमी घातले तरी कमळ आहे हे ओळखू येतं, बारीक नक्षी नसेल एवढंच. पण त्याच जागेवर कोणी दुसरी ठिपक्यांची रांगोळी काढली तर? भरपूर ठिपके आणि वेगळा रंग असेल तर डोळा दोन्ही वेगळ्या करतो. आपल्याकडे ठिपके आठ आणि रंग एकच. कुठला ठिपका जावेचा आणि कुठला दिरांचा हे सांगणार कसं? तुमचं रविवारचं जेवण म्हणजे हे आहे.

चांगल्या कानाची माणसं अजून एक गोष्ट नकळत करतात, गोंगाटात मध्येमध्ये ज्या फटी पडतात त्यातून समोरच्याचे शब्द उचलतात. आपल्याला ते फारसं जमत नाही. म्हणून नुसत्या पंख्याच्या घरघरीपेक्षा शेजारी दुसरं माणूस बोलत असलं की जास्त त्रास होतो.

ऐरोली_श्रवण | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१५

मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे ऐकण्याच्या तपासण्या आणि मशीनचं काम बघणारी, नवी मुंबईत काम करते. ताई, फाईल न बघता सल्ला देणं बरोबर नाही, पण काही प्रश्न विचारते, त्यांची उत्तरं काढून तुमच्या सेंटरला घेऊन जा.

पहिलं, ते ७६ टक्के शब्दांचे की वाक्यांचे? यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. "मी उद्या सकाळी गावाला ___" म्हटलं की "जाणार" तुम्ही न ऐकता भरता. सुटे शब्द दिले की असा आधार मिळत नाही. आणि यादी मराठीत होती का? पेशंटची घरची भाषा मराठी आणि टेस्ट हिंदीत, असं होतं कधीकधी.

दुसरं, गोंगाटात टेस्ट केली का? शांत बूथमधला आकडा तुमच्या जेवणाच्या टेबलाबद्दल काहीच सांगत नाही.

तिसरं, शेवटचं मॅपिंग कधी झालं? मॅप म्हणजे प्रत्येक इलेक्ट्रोडला कमीत कमी किती करंटला आवाज जाणवतो आणि किती करंटपर्यंत मोठा पण सुखाचा वाटतो, या दोन रेषा. पहिल्या वर्षात त्या सरकत राहतात.

चौथं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं, डाव्या कानात काय घालता?

आता साठ आणि सातबद्दल, कारण हे उदाहरण मी यापुढे माझ्या विद्यार्थ्यांना देणार आहे. व्यंजनात तीन गोष्टी असतात. घोष, म्हणजे गळ्यातला कंप, आहे की नाही, म्हणजे प आणि ब मधला फरक. आवाज कसा निघतो, म्हणजे ब आणि म मधला फरक, एक तोंडातून एक नाकातून. आणि जीभ कुठे टेकते, म्हणजे त आणि ट मधला. पहिल्या दोन गोष्टी आवाज कमी-जास्त होण्याच्या लयीत दिसतात आणि इम्प्लांट त्या चांगल्या पोचवतं. तिसरी बारीक स्वररचनेत लपलेली असते, ती इम्प्लांटमधून सगळ्यात कच्ची पोचते.

ओठांचं बरोब्बर उलटं आहे. प, ब, म ओठांवर हुबेहूब सारखे दिसतात पण इम्प्लांट त्यांना वेगळं करतं. आणि प की त हे इम्प्लांटला धूसर असलं तरी ओठांवर लख्ख दिसतं. एकाचं उणं दुसरा भरून काढतो, म्हणून समोरासमोर तुम्हाला इतकं छान कळतं.

पण त आणि ट? दोन्ही तोंडाच्या आत, ओठ काहीच सांगत नाहीत. ल-ळ, न-ण तसेच. त्यात "साठ"मधला ठ बोलताना आपण शेवटी दाबून "साट"च म्हणतो, म्हणजे ह-काराची मदतही गेली. उरलं ते नेमकं इम्प्लांटला जे येत नाही ते, वर टीव्ही, वर ती मुलगी आतल्या खोलीत. अशा वेळी मदतीला फक्त संदर्भ असतो आणि पुकारलेल्या नंबरला संदर्भ नसतो. तिथे चुकलात म्हणजे तुमचा कान कमी पडला असं अजिबात समजू नका.

घणसोलीचा_बाबा | ४ ऑगस्ट, दुपारी १:२०

ऐरोली मॅडम, ल-ळ वाचून अंगावर काटा आला. माझ्या मुलाला अडीच वर्षांचा असताना इम्प्लांट झालं, आता पाचवीत आहे. "काल" आणि "काळ", "वात" आणि "वाट", "मन" आणि "मण", या जोड्यांवर आम्ही दोन वर्षं काढली आहेत. थेरपिस्टने सांगितलं होतं हात तोंडावर धरू नका, त्याने आवाज बसतो, भरतकामाच्या गोल रिंगला पातळ कापड लावा आणि ते तोंडासमोर धरा, ओठ दिसत नाहीत आणि आवाज तसाच जातो. आमच्याकडे आईची जुनी रिंग होती तीच वापरली.

अजूनही रोज सकाळी शाळेला जायच्या आधी सहा आवाज म्हणतो, आ, ऊ, ई, म, श, स. डॅनियल लिंग नावाच्या शिक्षकांनी बसवलेली पद्धत आहे, या सहांत बोलण्याचा खर्जापासून तारेपर्यंतचा सगळा पट्टा येतो. एक दिवस "स" आणि "श" दोन्ही गेले आणि बाकी चार ठीक, तेव्हा लगेच समजलं की मशीन बिघडतंय. मायक्रोफोनचं कव्हर पावसाळ्यात दमट होऊन बसलं होतं. ताई, तुमचं कव्हर कधी बदललंय? ठाण्याच्या हवेत जून ते सप्टेंबर रोज रात्री मशीन सुकवायच्या ड्रायरमध्ये ठेवायलाच हवं, नुसत्या सिलिका जेलच्या पुडीवर राहू नका.

आणि ज्यांची मुलं लहान आहेत त्यांच्यासाठी, अवांतर आहे पण लिहितोच. वेळ घालवू नका. अनु शर्मा यांचं संशोधन आम्हाला डॉक्टरांनी दाखवलं होतं, जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलात साडेतीन वर्षांच्या आत आवाज पोचला तर मेंदूचा ऐकण्याचा भाग वेळेवर तयार होतो, सातनंतर फार अवघड जातं. पैशासाठी थांबला असाल तर वांद्र्याच्या अली यावर जंग या श्रवणदोषांसाठीच्या संस्थेत चौकशी करा, दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून लहान मुलांच्या इम्प्लांटचं काम तिथून चालतं.

उपवनकर | ४ ऑगस्ट, रात्री ९:०५

धागा वाचतेय आणि मन द्विधा होतंय. माझे बाबा ७८ वर्षांचे. मशीनचा काही उपयोग उरला नाही, डॉक्टर इम्प्लांट करा म्हणतात. पण लाखो रुपये घालून, या वयात कानामागे ऑपरेशन करून शेवटी जेवताना कळणारच नसेल तर का करायचं? मी वाईट अर्थाने विचारत नाही, खरंच ठरवता येत नाहीये.

नेरूळ_पश्चिम | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

उपवनकर, प्रश्न अगदी रास्त आहे. पण तुलना कशाशी करताय ते बघा. चांगल्या कानाशी केली तर इम्प्लांट कायम हरणार. बाबांच्या आजच्या दिवसाशी करा. आज ते तुमच्याशी एकट्याने बोलू शकतात का? नसतील तर तेवढं परत मिळणं हेच खूप आहे. वय हा अडथळा नाही, सत्तरी-ऐंशीतल्या लोकांनाही फायदा होतो. भूल सोसेल का ते फिजिशियन बघतील. ऐकू न येता किती वर्षं गेली याला जास्त महत्त्व आहे, कारण तेवढी वर्षं नस आणि मेंदू बोलण्यावाचून राहिलेले असतात. बाबा आतापर्यंत मशीन वापरत होते ही जमेची बाजू आहे. न्यूमोकॉकलची (न्यूमोनिया-मेंदूज्वराची) लस आणि एमआरआय या दोन गोष्टी मात्र ऑपरेशनआधीच विचारून घ्या, आत लोहचुंबक असतं, कुठल्या मॉडेलला कितपत एमआरआय चालतो ते लिहून मागा.

दोन_भाषांची | ५ ऑगस्ट, सकाळी ११:४०

थोडं वेगळं लिहू का. माझे आईवडील दोघं जन्मापासून कर्णबधिर, दोघांनाही इम्प्लांट नाही, आमच्या घरात सगळं साइन लँग्वेजमध्ये. मी लहानपणी जेवताना आमच्या घरी कधी कोणी मागे पडलेलं पाहिलं नाही, कारण एक जण बोलताना बाकीचे हात थांबवून बघतात, आणि लक्ष वेधायला टेबलावर थाप मारतात किंवा खांद्याला हात लावतात. मीठबंदरच्या ताई, तुमच्या घरचे साइन शिकतील असं नाही, पण ही एक-एकाने बोलायची पद्धत त्यांनी घेतली तर? बोलण्याआधी तुमचं नाव घ्यायचं, तुम्ही बघितलं की मग सुरू करायचं. यात यंत्र लागत नाही.

मीठबंदरची | ५ ऑगस्ट, रात्री ११:२०

सगळ्यांचे किती आभार मानू. नवऱ्याला बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. रांगोळीचं वाचून तो गप्प झाला, मग म्हणाला म्हणजे आम्ही सगळे तुझ्या रांगोळीवर रांगोळ्या काढत होतो.

ऐरोली मॅडम, उत्तरं देते. ७६ वाक्यांचे होते, मराठीतच होते. गोंगाटातली टेस्ट झाली नाही. मॅपिंग मार्चनंतर नाही, जूनला फक्त टेस्ट केली आणि म्हणाले छान चाललंय, सहा महिन्यांनी या. कव्हर एकदाही बदललेलं नाही, ते बदलायचं असतं हेच मला कोणी सांगितलं नाही, आज उघडून पाहिलं तर काळपट थर.

आणि डावा कान. डाव्या कानाचं मशीन डिसेंबरपासून कपाटात आहे. स्विच ऑनच्या वेळी सांगितलं होतं की नव्या कानाला सवय लागू दे, काही आठवडे जुनं लावू नका. परत कधी लावायचं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. तसंही त्या कानात आता फक्त खालचे जाड आवाज येतात, बोलणं कळत नाही, म्हणून मला वाटलं उपयोग काय.

ऐरोली_श्रवण | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

ताई, उपयोग आहे. ते कपाटातलं मशीन बाहेर काढा.

एकट्या डाव्या कानाला बोलणं कळत नसेल, मान्य. पण इम्प्लांटला जे नीट देता येत नाही ते म्हणजे आवाजाची उंची, खर्ज आणि चाल, आणि तेच तुमच्या डाव्या कानात शिल्लक आहे. दिरांचा आवाज जाड, जावेचा बारीक, हे ओळखूनच माणूस गर्दीत एक आवाज पकडून ठेवतो. नेरूळच्या दादांनी म्हटलं ना रंग एकच, तर दुसरा रंग तिथून येईल. सगळ्यांना सारखा फायदा होत नाही, पण करून बघण्यासारखं नक्की आहे. एवढंच की आठ महिने तो कान बंद होता, पहिले दोन आठवडे विचित्र वाटेल, दोन कानांत दोन वेगळी माणसं बोलतायत असं. आणि दोन्हीचा आवाज जुळवून घ्यावा लागतो, ते सेंटरला बसूनच करा. मॅपिंगचीही वेळ मागा, सहा महिने थांबू नका.

टेबलावर बसताना तुमची जागा बदला. इम्प्लांट उजवीकडे आहे तर तुम्ही टेबलाच्या डाव्या टोकाला बसा, म्हणजे सगळी माणसं उजवीकडे येतील. पाठ भिंतीकडे. डावीकडून आलेले तार आवाज डोक्याच्या आडोशाने उजव्या कानाला खूप कमी पोचतात. आणि शक्य असेल तर जेवण किचनमध्ये नको, टाइल्स आणि स्टीलची भांडी आवाज घुमवतात. हॉलमध्ये पडदे आहेत तिथे बसा.

घणसोलीचा_बाबा | ६ ऑगस्ट, रात्री ८:३०

अजून एक. "काय?" विचारू नका, जेवढं कळलं तेवढं सांगून उरलेलं विचारा. आमच्या पोराला हेच शिकवलंय. "उद्या कुठे जायचंय म्हणालास?" असं विचारलं की समोरचा फक्त तेवढा शब्द देतो, आणि "काही नाही, असंच" म्हणायला त्याला जागाच राहत नाही. आणि नंबर असेल तर आकडे सुटे मागा. "सहा-शून्य की नुसता सात?" मराठीत एकसष्टपासून पुढे एकेका दहाच्या गटातली शेपटं जवळजवळ सारखी आहेत, एकाहत्तर बाहत्तर त्र्याहत्तर, चांगल्या कानालाही फोनवर कळत नाहीत.

नेरूळ_पश्चिम | ६ ऑगस्ट, रात्री ९:१५

फोनचं निघालंच आहे तर सांगतो, साध्या जुन्या कॉलमध्ये ३४०० हर्ट्झच्या वरचा आवाज कापला जातो, आणि स ची बरीचशी ओळख त्याच्या वर असते. म्हणजे तुम्हाला वीस वर्षांनी मिळालेला स फोन परत काढून घेतो. व्होल्टे किंवा व्हॉट्सॅप कॉलमध्ये साधारण ७००० पर्यंत येतो, फरक जाणवेल. प्रोसेसरला, म्हणजे इम्प्लांटच्या बाहेरच्या मशीनला, ब्लूटूथ असेल तर थेट त्यात घ्या. बँक, लॅब अशा ठिकाणी मी फोनवर लाइव्ह ट्रान्सक्राइब हे बोललेलं लिहून दाखवणारं ॲप लावून काउंटरवर ठेवतो, मराठी चालतं त्यात. आणि टोकन घेतानाच सांगतो, मला ऐकू कमी येतं, नंबर आला की हात करा. पहिली चार-पाच वर्षं मी हे सांगत नव्हतो. का सांगत नव्हतो याचं आजही मला वाईट वाटतं, त्यापायी किती गाड्या सुटल्या.

उपवनकर | ७ ऑगस्ट, सकाळी १०:००

हा धागा प्रिंट काढून बाबांना वाचायला दिलाय. त्यांनी पेन्सिलने "कुकरच्या शिट्ट्या" खाली रेघ ओढली आहे.

मीठबंदरची | २१ सप्टेंबर, दुपारी ४:१०

दीड महिना झाला, अपडेट द्यायचा होता पण गणपती आले मध्ये.

कव्हर बदललं, त्याच दिवशी स मध्ये धार आली. मॅपिंग १८ ऑगस्टला झालं, वरच्या बाजूचे चार इलेक्ट्रोड कमी पडत होते, ते वाढवले, दोन दिवस भांड्यांचा आवाज डोक्यात जायचा, मग बसलं. डाव्या कानाला मशीन त्याच दिवसापासून. ऐरोली मॅडम, तुम्ही म्हणालात तसंच, पहिले दहा दिवस डावीकडे एक बाई घुमत होती आणि उजवीकडे दुसरी टिकटिक करत होती. अकराव्या-बाराव्या दिवशी नवरा बोलत होता आणि मला वाटलं हा आज वेगळा का वाटतोय, तर त्याचा आवाज एका जागी आला होता. त्याच्या आवाजाला परत खर्ज होता. नऊ महिन्यांत ते मी विसरूनच गेले होते की तो असा बोलतो.

गणपतीत दीड दिवस घर भरलेलं. आरतीला झांज माझ्या उजव्या कानापाशी वाजत होती आणि ती वाजली की बाकी सगळं खाली दबून जायचं, संपल्यावरही क्षणभर कोणाचं बोलणं यायचं नाही. सेंटरला विचारलं तर म्हणाले मोठा आवाज आला की प्रोसेसर आपणहून सगळाच आवाज खाली घेतो, मग हळूहळू वर आणतो. संध्याकाळच्या आरतीला झांजवाल्या पुतण्याला मी डाव्या बाजूला लांब उभं केलं. ठेका मला पहिल्यापासून पक्का कळत होता, टाळी कधी चुकली नाही. चाल मात्र या वेळी पहिल्यांदा, थोडीशी, डाव्या कानातून. वर जाते आणि खाली येते एवढं कळलं. मी डोळे मिटून उभी होते, जाऊ मागून म्हणाली बरं वाटत नाहीये का. मी तिला म्हटलं बरं वाटतंय.

गोंगाटातली टेस्ट मागून करून घेतली. शांततेत आता वाक्यं ८२. गोंगाटात फक्त इम्प्लांट लावून ३८, दोन्ही मिळून ५१. म्हणजे अजूनही अर्धं जातं. हा आकडा मी फ्रिजवर लावलाय, मुद्दाम, कारण घरच्यांना वाटायचं मशीन बसवलं म्हणजे झालं. मुलीने त्याच्या खाली लिहिलंय "एकावेळी एक". दोन_भाषांची, हे तुमच्यामुळे. जेवताना कोणी मध्ये बोललं की मुलगी टेबलावर थाप मारते, दीर पहिल्यांदा दचकले, आता तेही मारतात. नेहमी पाळलं जात नाही. भांडण झालं की सगळे विसरतात आणि मग मला काहीच कळत नाही, हे आहेच.

भरतकामाची रिंग आणलीय. रोज रात्री वीस मिनिटं नवरा पेपरमधले शब्द वाचतो, साठ-सात, वाट-वात, काळ-काल. ल-ळ दहातले सहा येतात. साठ-सात अजून निम्मे चुकतात. लॅबमध्ये परवा परत जाऊन आले, आधीच सांगून ठेवलं होतं, त्या मुलीने बाहेर येऊन हात केला.

ऐरोली_श्रवण | २१ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

३८ वरून ५१! ताई, आठ महिने बंद असलेला कान महिन्याभरात एवढं देतोय. रिंग सोडू नका. आता हळू पंखा लावून तेच शब्द करा, आठवड्याने पंख्याचा वेग एक वाढवा, मग रेडिओ बारीक आवाजात. साठ-सातसाठी सुटा शब्द न घेता "साठ रुपये", "सात रुपये" असं घ्या.

उपवनकर | २१ सप्टेंबर, रात्री ९:४०

मीठबंदरच्या ताई, एक विनंती. बाबांनी ऑपरेशनला हो म्हटलंय, तारीख अजून घेतली नाही. त्यांना एकदा इम्प्लांट असलेल्या माणसाशी बोलायचं आहे, डॉक्टरशी नाही. तुम्हाला चालेल का? ते बोलतात व्यवस्थित, तुम्ही बोललेलं मात्र त्यांना पाटीवर लिहून द्यावं लागेल.

मीठबंदरची | २१ सप्टेंबर, रात्री १०:१५

आणा ना, नक्की आणा. रविवारी सकाळी नऊच्या आत या, तेव्हा रस्त्यावर आवाज कमी असतो. पंखा बंद ठेवते, खिडकीकडे पाठ करून त्यांना बसवू म्हणजे माझा चेहरा उजेडात राहील आणि त्यांना ओठ दिसतील. पाटी आणू नका, माझ्याकडे दोन आहेत. पत्ता मेसेज करते, मजला आकड्यात लिहिते.